ओझे आणि माप



कामगार-चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत यावे आणि बोनस, महागाई, कामगार कायदा हे नेहमीचे विषय सोडून स्त्रीच्या स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगावा, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका वाचून काहींनी नाकेही मुरडली असतील. मी डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु शिवणकामाच्या कारखान्यांत आठ-आठ तास यंत्रावर वाकून बसणाऱ्या बायांची गाऱ्हाणी लिहून घेताना मान, खांदे आणि पाठ हे तीन शब्द इतक्या वेळा कागदावर उतरतात, की त्यांच्या मुळाशी काय आहे हे शोधणे भाग पडते. पुष्कळदा मुळाशी बसण्याचे बाक असते, दिवा असतो, कामाचा वेग असतो. क्वचित मुळाशी स्वतःच्याच छातीचे ओझे असते. अशा एका बाईला शस्त्रक्रियेचा खर्च मागायला गेल्यावर विमा कचेरीत उत्तर मिळाले, की ही सौंदर्याची बाब आहे. सौंदर्याची की ओझ्याची, हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या मापाने? हा प्रश्न मला इतिहासाकडे घेऊन गेला.

इतिहासात पहिली भेट होते ती सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉलस एजिनेटा याची. मोठे स्तन शस्त्राने कमी कसे करावेत हे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे. स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, आतली चरबी काढावी, त्वचा शिवून टाकावी. वाढ फार असेल तर दोन चंद्रकोरी एकमेकींना मिळवून मधला भाग काढावा. परंतु हे सारे त्याने लिहिले ते पुरुषांच्या स्तनांविषयी. पुरुषाची छाती वाढली तर त्याला बायकीपणाचा बोल लागतो, म्हणून शस्त्रक्रिया करणे योग्य, असे तो म्हणतो. पुरुषाला लाज वाटते एवढे कारण सातव्या शतकात पुरेसे होते. स्त्रीची पाठ मोडते हे कारण पुरेसे ठरायला पुढे हजार वर्षांहून अधिक काळ जावा लागला. आमच्याकडे आणि इतरत्रही कवींनी त्या भाराचे गोडवे गाइले. भार वाहणारीला मात्र कोणी विचारले नाही.

१६६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम डर्स्टन या वैद्याने प्लिमथकडील एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे स्तन अकस्मात वाढू लागले आणि काही महिन्यांतच ती मरण पावली. मृत्यूनंतर एका स्तनाचे वजन केले, ते ६४ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो भरले. हे उदाहरण अपवादात्मक खरे. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: वैद्यकाने या ओझ्याचा हिशेब प्रथम वजनाने मांडला, आणि तोही ते वाहणारी जिवंत नसताना.

आता आपल्या जवळचा एक धागा येतो. प्लास्टिक सर्जरी या शब्दाने अनेकांना वाटते, की ही विद्या साहेबाच्या बोटीतून आली. वस्तुतः १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन आले होते. इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला; त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. पुढे विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. सुश्रुताच्या ग्रंथातील विद्या अशी हस्ते-परहस्ते कारागिरांच्या घरी जिवंत राहिली होती. या वर्णनातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. कारागिराने प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या जागी बसवून आकार ठरवला, मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवली, तिच्या कडेने रेघ ओढली, आणि मगच शस्त्र उचलले. आधी माप, मग छेद. आणि ते माप त्या माणसाच्या चेहऱ्यावरच घेतलेले. बाजारातून आणलेले नव्हे.

हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली अशी शस्त्रक्रिया केली व १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफ याने १८१८ साली नाकाच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. १८४० साली ग्रेफच्या जागी आला योहान डीफेनबाख. नाक, ओठ, पापण्या नव्याने घडवण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्या ग्रंथाचा अखेरचा भाग त्याच्या मृत्यूनंतर १८४८ साली निघाला. स्तनाचा खालचा भाग काढून व्रण स्तनाखालच्या वळीत लपवण्याच्या शस्त्रक्रियेचा मान इतिहासकार या डीफेनबाखला देतात. पुण्याच्या विटकऱ्याने स्तनाची शस्त्रक्रिया शोधली असे मी म्हणत नाही; तसा डौल मिरवणे खोटेपणाचे होईल. परंतु ज्या विद्येच्या घरात ही शस्त्रक्रिया जन्मली, त्या घराच्या पायात पुण्याजवळची एक वीट आहे, एवढे म्हणायला हरकत नाही.

१८४६ साली ईथरची गुंगी आली, १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध केली, आणि शल्यविशारदांना सावकाश विचार करण्याची सवड मिळाली. १८९७ साली फ्रान्समधील पूसाँ याने स्तनाच्या वरच्या बाजूची त्वचा व चरबी काढून स्तन छातीच्या स्नायूवरील आवरणाला वर टाचला. परंतु खरी अडचण पुढेच होती. स्तन कितीही कापता येईल. स्तनाग्राचे काय करायचे? ते खाली राहिले तर आकार विद्रूप होतो, आणि वर न्यावे तर त्याला रक्त कोठून मिळणार? शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी १९२२ साली स्तनाग्र सुटे काढून वर कलमासारखे लावण्याची पद्धत सांगितली. कलम जगते, परंतु त्यातली संवेदना बहुधा जाते आणि बाळाला पाजणे सुटते. १९२८ साली व्हिएन्नाच्या बीझेनबर्गर यांनी त्वचा ग्रंथीपासून मोकळी करून ग्रंथीला नवा घाट देण्याची पद्धत मांडली. ती पुष्कळ चालली, पण तिच्यात त्वचा व स्तनाग्र मरण्याची धास्ती होती. १९३० साली श्वार्झमान यांनी दाखवले, की स्तनाग्राभोवतीची आतली त्वचा राखली तर तिच्यातून त्याला रक्त मिळत राहते. पुढच्या साऱ्या प्रगतीची किल्ली या एका निरीक्षणात होती.

याच काळात युरोपात सडपातळ, सपाट छातीची फॅशन आली होती, आणि नव्या पद्धतींच्या या गर्दीमागे तिचाही हात होता. पॅरिसच्या डॉक्टर सुझान नोएल यांचे नाव येथे आदराने घ्यावेसे वाटते. त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या. सौंदर्यशस्त्रक्रियेचे सामाजिक कार्य या विषयावर त्यांनी १९२६ साली पुस्तक लिहिले. वय दिसू लागले म्हणून नोकरी गमावण्याची भीती असलेल्या कामकरी स्त्रिया त्यांच्याकडे येत. श्रीमंतांची हौस म्हणून ज्या विद्येची थट्टा होई, तिच्यात पोटाचा प्रश्न आहे हे या बाईंनी ओळखले. सौंदर्य आणि गरज यांच्यामध्ये कचेऱ्यांना दिसते तशी सरळ रेघ ओढता येत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

आता मापाकडे वळू. आपल्या आज्या खणाची चोळी घालीत. शिंपी अंगाला दोरी किंवा फीत लावून माप घेई, चोळी पुढे गाठ मारून बसे, आणि देह भरला किंवा उतरला तर गाठ सैल-घट्ट होई. त्या चोळीला अक्षर नव्हते. अमेरिकेत १९३२ साली कॅम्प नावाच्या कंपनीने स्तनांच्या आकारांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे लावली, आणि १९३७ साली वॉर्नर कंपनीने आपल्या ब्रेसियरना तशी मापे दिली. घाऊक उत्पादनाला ठोकळेबाज मापे लागतातच. त्यात गैर काही नाही. परंतु दुकानदाराच्या सोयीची ही अक्षरे हळूहळू स्त्रियांच्या मनात जाऊन बसली. आज शस्त्रक्रियेचा विचार करणारी स्त्री डॉक्टरकडे जाते आणि म्हणते, मला ‘बी’ करून द्या. साऱ्या गैरसमजाची सुरुवात या एका वाक्यात आहे.

हे अक्षर मोजते काय? छातीचा सर्वांत भरलेला घेर आणि स्तनांखालचा घेर यांतला फरक. म्हणजे अक्षर एकटे काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारच्या आकड्याबरोबरच त्याला अर्थ येतो. ३२ ‘डी’, ३४ ‘सी’ आणि ३६ ‘बी’ यांच्या वाटीत साधारण सारखाच ऐवज मावतो. उलट, ३२ घेराचा ‘सी’ आणि ४० घेराचा ‘सी’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यात प्रत्येक कारखान्याचे माप वेगळे. जोड्यांच्या दुकानात एका कंपनीचा आठ नंबर बसतो, दुसरीचा बसत नाही, तोच प्रकार. मग शल्यविशारदाने कोणत्या दुकानाचा ‘बी’ कबूल करायचा? तो ऊती ग्रॅमांत मोजतो, आणि एका अक्षराला किती ग्रॅम याचा एकच भाव नाही. अरुंद छातीला थोडे काढले तरी अक्षर उतरते. रुंद छातीला तेवढ्यासाठी कितीतरी अधिक काढावे लागते.

गंमत अशी, की शल्यविद्येनेही शिंप्याकडून उसने घेतलेच. १९५६ साली अमेरिकन शल्यविशारद रॉबर्ट वाइज यांनी ब्रेसियरच्या बेतणीचा अभ्यास करून त्वचेवर आखण्याचा एक नमुना तयार केला. कापडाचे सपाट तुकडे जोडून गोलाई कशी येते, हे बेतणाऱ्याला ठाऊक असते; तीच युक्ती त्वचेला लावली. हा नमुना जगभर रूढ झाला, आणि त्याचा नांगराच्या आकाराचा व्रण आजही शल्यविशारदांच्या परिचयाचा आहे. मेणपट्टीची परंपरा येथे पुन्हा दिसते: आधी आखणी, मग छेद. पण वाइज यांनी घेतली ती बेतण्याची कला. दुकानातल्या अक्षराची हमी त्यांनी कोणाला दिली नव्हती.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९६० साली स्वीडनच्या स्ट्रॉम्बेक यांनी स्तनाग्र दोन्ही बाजूंच्या आडव्या देठांवर जिवंत ठेवण्याची पद्धत दिली. १९७२ साली मॅकिसॉक यांनी तो देठ उभा केला, आणि १९७७ पर्यंत खालच्या एकाच देठाची पद्धत पुढे आली. फ्रान्सचे लासू, ब्रुसेल्सच्या मॅडलीन लझूर आणि १९९९ साली कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी व्रण आखूड करून तो उभ्या रेघेवर आणण्याच्या पद्धती पुढे नेल्या. ‘देठ’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण किती लहान करता येईल या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. फळ देठावर जगते. स्तनाग्राला रक्त व संवेदना पोहोचवणारी जी ऊती मागे ठेवावी लागते, तिला स्वतःचे आकारमान असते. ती नको म्हटले तर थोरेकांच्या कलमाकडे परत जावे लागते आणि त्याची किंमत मोजावी लागते.

यास्तव मर्यादा कोणत्या, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. देठ जगला पाहिजे, ही पहिली. दुसरी छातीच्या रुंदीची: रुंद छातीवर अगदी इवलासा स्तन नुसता चपटा दिसतो. तिसरी त्वचेची, ताणून सैल झालेली त्वचा तरुण त्वचेसारखी आवळत नाही. चौथी, दोन्ही बाजू आधीही सारख्या नव्हत्या, नंतरही तंतोतंत सारख्या होणार नाहीत. पाचवी काळाची. शस्त्रक्रियेनंतर सूज असते, ती उतरायला काही महिने लागतात, आणि आकार स्थिरावायला वर्षही लागू शकते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर उभे राहून निकाल देणे घाईचे. पुढे वजन वाढले, बाळंतपण झाले, पाळी गेली, तर आकार पुन्हा बदलू शकतो. व्रण राहतात, संवेदना व पाजण्याची क्षमता कमी होऊ शकते. हे सारे ऐकून जी स्त्री हो म्हणते, तिचा होकार खरा.

आता सर्वांत कटकटीच्या मापाकडे येतो. अक्षर दुकानाचे, ग्रॅम शल्यविशारदाचे. विमा कंपनीने तेच ग्रॅम उचलले आणि त्यांची फूटपट्टी केली. अमेरिकेत अनेक कंपन्या प्रत्येक बाजूचे ५०० ग्रॅम निघणार असतील तरच खर्च देत. ठेंगण्या, बारीक बाईच्या छातीवर ५०० ग्रॅम असतीलच असे नाही, आणि असले तरी ते सगळे काढले तर मागे राहणार काय? १९९१ साली पॉल श्नूर यांनी शल्यविशारदांकडून माहिती गोळा करून, देहाच्या पृष्ठभागाशी काढलेल्या वजनाचा मेळ घालणारी एक सरकती पट्टी प्रसिद्ध केली. हेतू चांगला होता: कोणती शस्त्रक्रिया त्रासासाठी आणि कोणती हौसेसाठी, याचा अंदाज यावा. कंपन्यांनी ती पट्टी दारावर पहारेकरी म्हणून उभी केली. अंगाने थोराड बाईला आता अधिक मांस द्यावे लागे; नाही तर दुखणे नामंजूर. १९९९ साली खुद्द श्नूर यांनी आपल्या पट्टीचा फेरविचार केला आणि विमा मंजुरीचा निकष म्हणून तिचा वापर होऊ नये असे म्हटले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या २०१८ सालच्या निकषांतही प्रत्येक बाजूला ५०० ग्रॅम किंवा किमान चार अक्षरे, अशी अट होती. ग्रॅम आणि अक्षर दोघेही त्या एका कलमात नांदत होते.

याचा परिणाम काय होतो, तो बघा. बाईला हवा असतो मध्यम आकार. पट्टी सांगते, आणखी काढा, तर पैसे मिळतील. म्हणजे आकाराचा निर्णय तिच्या देहातून निघून हिशेबनिसाच्या टेबलावर जातो. आमच्या क्षेत्रात याला ठेकेदारीचे माप म्हणतात: काम कसे झाले ते न बघता नग मोजायचे.

या मापाला उत्तर दिले ते स्त्रियांनीच, त्यांना रीतसर विचारल्यावर. २००१-०२ च्या सुमारास अमेरिकेत कॅरोलिन केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या स्त्रियांची पद्धतशीर पाहणी केली. व्यायाम, औषधे, खास ब्रेसियर, वजन उतरवणे यांनी टिकाऊ आराम पडत नाही आणि शस्त्रक्रियेने पडतो, हे तिच्यात दिसले. आणि गरज ठरवायची ती स्त्रीच्या लक्षणांवरून, काढलेल्या वजनावरून नव्हे, असे त्यांनी मांडले. २००९ साली अँड्रिया प्युसिक व सहकाऱ्यांनी ‘ब्रेस्ट-क्यू’ नावाची प्रश्नावली तयार केली. तिच्यात समाधान, वेदना, वावर यांचे उत्तर स्त्री स्वतः देते. डर्स्टनच्या तराजूपासून या प्रश्नावलीपर्यंत ३४० वर्षे झाली. ओझे वाहणारीला ओझ्याविषयी विचारायचे, एवढी साधी गोष्ट शिकायला इतका काळ लागला!

आपल्याकडे १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तो देशातला पहिला. म्हणजे विद्या आपल्या दारात आहे. अडतो तो खर्च. विमा नियामकाने २०१९ साली ठरवलेल्या नमुन्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळली आहे. मात्र अपघात, भाजणे व कर्करोगानंतरची पुनर्रचना, तसेच आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आणि डॉक्टरने प्रमाणित केलेले उपचार, यांना तीत जागा ठेवली आहे. वर्षानुवर्षांच्या पाठदुखीला ‘तातडीचा’ धोका म्हणायचे की नाही, या एका शब्दावर गरीब बाईचे प्रकरण लटकते. म्हणून मानदुखी, खांद्यांवर पडलेले पट्ट्यांचे वळ, स्तनांखाली चिघळणारी त्वचा, यांची नोंद डॉक्टरच्या कागदावर वेळच्या वेळी झाली पाहिजे. तोंडी गाऱ्हाण्याला कचेरीत कोणी विचारत नाही.

शेवटी माझ्या धंद्याचे दोन शब्द बोलतो. मागणीपत्र आणि करार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे प्रत्येक कामगाराला आधीच समजावून द्यावे लागते. जो पुढारी दारसभेत सगळेच मिळेल म्हणून सांगतो, त्याने चांगला करार आणला तरी लोकांना तो पराभव वाटतो. उलट, जो ‘फार मागू नका’ एवढेच घोकतो, तो मालकाचा माणूस होऊन बसतो. आकाराच्या अपेक्षेचेही असेच आहे. अपेक्षा वास्तव ठेवा, हा उपदेश डॉक्टरने बाईचे तोंड बंद करण्यासाठी वापरता कामा नये. त्याने आपल्या मर्यादा मांडाव्यात. तिने आपले ओझे मांडावे. तिने अक्षर मागण्याऐवजी सांगावे, की मला धावत बस पकडता आली पाहिजे, पालथे झोपता आले पाहिजे, संध्याकाळी मान वर करून घरी जाता आले पाहिजे. थोडे मोठे राहिले तर चालेल की थोडे लहान झाले तर चालेल, हेही आधीच बोलून ठेवावे, कारण सुईच्या टोकाइतका नेम कोणाच्याच हाताला नसतो. एवढे बोलणे प्रामाणिकपणे झाले, तर ‘बी’ झाले की ‘सी’ राहिले, याला फारसे महत्त्व उरत नाही.

पुण्याजवळच्या त्या कारागिराने मेणाची पट्टी ज्याच्या नाकाचा प्रश्न होता त्याच्याच चेहऱ्यावर ठेवली होती. स्त्रीच्या देहाचे माप दुकान, कवी, फॅशन आणि विमा कचेरी यांच्याकडून काढून घेऊन तिच्या देहावर आणि तिच्या शब्दांवर ठेवणे, एवढेच काम आता बाकी आहे. ते डॉक्टरांचे आहे तितकेच नवऱ्याचे, सासूचे, विमा कचेरीचे आणि आम्हा संघटनावाल्यांचेही आहे.